कोळशानं काढलेलं पांढरं झाड

होळीला आठ दिवस होते. सरांच्या अंगणात चूल पेटली होती आणि चुलीत बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ठेवलेला होता. डब्याच्या झाकणाला खिळ्यानं पाडलेलं एकच भोक. त्या भोकातून आधी पांढरी वाफ आली, मग पिवळट दाट धूर आला, मग त्या धुरानंच पेट घेतला आणि भोकावर दिव्यासारखी ज्योत उभी राहिली. सर पाटावर बसून ज्योतीकडे बघत होते. ज्योत विझली तसा त्यांनी चिमट्यानं डबा बाहेर ओढला, भोकावर चिखलाचा गोळा थापला आणि म्हणाले, "आता उद्या सकाळपर्यंत हात लावायचा नाही. गरम डबा उघडला की आत नुसती राख."

डब्यात तुराट्या होत्या. तूर झोडून झाली की शेताच्या धुऱ्यावर तुराट्यांचे ढीग पडून असतात. कुणी छपरावर घालतं, कुणी चुलीत. सर त्यातल्या करंगळीएवढ्या सरळ काड्या निवडून आणतात, साल सोलतात, वीतभर लांबीनं कापतात आणि तारेनं जुडी बांधून डब्यात घट्ट भरतात. सकाळी डबा उघडला तेव्हा काड्या होत्या तशाच होत्या, फक्त काळ्या आणि हलक्या झालेल्या. एकीवर एक टेकवली की काचेच्या बांगड्यांसारखी किणकिण. पऱ्हाट्यांचा कोळसा का नाही करत, असं मी विचारलं. पऱ्हाटी गाठाळ असते, कागद ओरखडते, असं उत्तर मिळालं. तुराटी एकसारखी जळते आणि तिचा कोळसा इतका मऊ नि हलका होतो की तोफेच्या आणि फटाक्यांच्या दारूसाठी आपल्याकडे तो मुद्दाम वापरत. सरांच्या गावातून सातपुड्याची जी कड दिसते तिच्यावर गाविलगड आहे. 1803च्या डिसेंबरात वेलस्लीच्या फौजेनं तो नागपूरकर भोसल्यांकडून घेतला. त्याच्या तोफा अजून तटावर आहेत. ज्या कोळशानं तोफ उडायची त्याच कोळशानं झाड काढायचं, ही जोडणी सरांना मनापासून आवडते.

सर म्हणजे आमचे चित्रकलेचे शिक्षक. वय त्र्याहत्तर. हायस्कुलात तेहतीस वर्षं त्यांनी मुलांना एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला बसवलं. या दोन परीक्षा ज्यांनी दिल्या आहेत त्यांना निसर्गचित्राच्या तासाची डहाळी आठवत असेल: जास्वंदीची नाहीतर कण्हेरीची, टाचणीनं फळ्यावर लावलेली, अर्ध्या तासात मान टाकणारी. निवृत्तीनंतर सरांनी वस्तुचित्र सोडलं, व्यक्तिचित्र सोडलं आणि एका झाडाची चित्रं काढायला सुरुवात केली. दर फाल्गुनात तेच झाड. या फाल्गुनात बारावं चित्र होणार होतं. या अंकासाठी एखाद्या चित्रकारावर लिहा असं संपादकांनी सुचवलं तेव्हा माझ्या मनात दुसरं कुणी आलंच नाही. त्याचं एक कारण सरांची चित्रं. दुसरं कारण आधीच सांगून टाकते. त्या झाडावर माझ्या नावाचं पहिलं अक्षर कोरलेलं आहे. ते मी कोरलं आहे.

1986 साल, आठवीची सहल, चिखलदरा. सर आम्हा चाळीस जणांना चित्रं काढायला म्हणून कड्याकडे घेऊन गेले होते. झाडाची साल इतकी गुळगुळीत आणि पांढरी होती की हात शिवशिवले. कंपासपेटीतलं करकटक काढलं आणि सर पुढच्या मुलांकडे वळलेले असताना 'म' कोरला. आत गुलाबी, ओलं निघालं. बोटाला चिकटलं. मी ते स्कर्टला पुसलं आणि रांगेत जाऊन बसले. हे मी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

झाडाची नेमकी जागा मी इथे सांगणार नाही. डिंकासाठी कुऱ्हाड घेऊन फिरणारे आहेत आणि माझ्यासारखी करकटकवाली मुलंही आहेत. एवढंच सांगते की चिखलदऱ्याचं पठार समुद्रसपाटीपासून सुमारे 1,100 मीटर उंच आहे आणि त्याची कड जिथे एकदम तुटते तिथून खाली दोनेक तासांच्या पायवाटेवर हे झाड आहे, व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीबाहेर. मेळघाट हा 1973-74मध्ये देशात जाहीर झालेल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक. त्याच्या गाभ्यात पायी हिंडता येत नाही, मग तासन्‌तास कागद घेऊन बसणं दूरच. सरांचं झाड हद्दीबाहेर आहे म्हणूनच हे चित्र होऊ शकतं. वाट दाखवायला एक कोरकू गृहस्थ सोबत असतात. पन्नाशीचे आहेत. सर त्यांना नावानं हाक मारतात, ते सरांना गुरुजी म्हणतात, मी त्यांना दादा म्हटलं.

खाली उतरताना सागाची मोठी पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती. पळस नुकता पेटू लागला होता. धावडा, तेंदू, मोह, ऐन अशी झाडं येत गेली. मग उतार उभा झाला, माती संपली आणि काळा दगड उघडा पडला. दगड सुरू झाला तशी झाडांची गर्दी सरली. एवढ्या कोरड्यात उभं राहायची तयारी असलेली थोडीच. त्यातली सालई आधी भेटली. दादांनी हात वर करून दाखवलं. काळ्या भिंतीवर कुणी खडूनं रेघ ओढावी तसं ते झाड होतं.

याला कांडोळ म्हणतात, कहांडोळ म्हणतात, पांढरुख म्हणतात. भुत्या असंही एक नाव आहे आणि चांदण्या रात्री हे झाड ज्यानं पाहिलं असेल त्याला ते नाव समजावून सांगावं लागत नाही. हिवाळ्यात पानं गळून गेली की ते उघडं होतं, आणि अशा उघड्या अंगावरच पुढे बारीक, पिवळट-हिरवी फुलं धरतं. उन्हाळ्यात पाच पाकळ्यांच्या ताऱ्यासारखी लाल, मखमली फळं येतात. मखमल दिसते, पण तिच्यात बारीक टोचरी लव असते. सरांनी एका एप्रिलात रेखाटनासाठी फळ तोडलं आणि दोन दिवस बोटांची आग सोसली. झाडाच्या शास्त्रीय नावातच ती आग आहे: स्टर्क्युलिया युरेन्स, युरेन्स म्हणजे दाह करणारी. साल कागदाइतकी पातळ असते आणि पापुद्रे सुटत राहतात. एक पापुद्रा आपसूक सुटलेला होता, दादांनी तो अलगद उचलून उन्हात धरला. त्यातून बोटं दिसत होती. तो जिथून सुटला तिथे खोड हिरवट होतं. पानं नसताना त्या हिरव्या थरावर ऊन पडत राहतं, आणि अन्न करायचं काम थोडं का होईना, चालू राहतं.

डिंक हा या झाडाचा शाप आहे. आपल्या लाडवांत पडतो तो डिंक धावड्याचा किंवा बाभळीचा. कांडोळाचा डिंक पाण्यात विरघळत नाही, फुगतो, पटींनी फुगतो. म्हणून त्याला आइस्क्रीमपासून कवळी हिरडीला चिकटवायच्या भुकटीपर्यंत जगभर मागणी आहे. बाजारात तो कढई गोंद किंवा कराया या नावानं विकला जातो. जुन्या घावाखाली एक वाळलेला पिवळा ओघळ होता, मी नाक जवळ नेलं तर व्हिनेगरसारखा आंबूस वास आला. हा डिंक ठेवला की त्यातून खरोखरच तसलं आम्ल सुटत राहतं. बेतानं, उथळ खाच घेतली तर झाड डिंकही देतं आणि जगतंही. घाई झालेला माणूस खोल घाव घालतो, दरसाल नव्या जागी घालतो, आणि झाड उभ्या उभ्या मरतं. सरांच्या झाडावर असे सात घाव आहेत. दादांच्या म्हणण्याप्रमाणे सगळे तीसेक वर्षांपूर्वीचे.

पहिल्या दिवशी सरांनी कागद उघडलाच नाही. ते झाडाभोवती फिरले. वरून, खालून, एका ठिकाणी तर दगडावर पालथे पडून. मग सुतळी काढली आणि छातीच्या उंचीवर खोडाचा घेर घेतला: दोन मीटर आणि एकवीस सेंटिमीटर. गेल्या फाल्गुनातला आकडा सुतळीवरच गाठ मारून ठेवलेला होता. नवी गाठ जुन्या गाठीच्या इतकी शेजारी पडली की दोन्हींमध्ये नख बसेना. "पाहिलंस?" सर म्हणाले. "हे वर्षभर इथे ऊन खातंय, वारा खातंय, आणि एवढं वाढलं."

मी वही उघडून खोडाची रेघ ओढली. त्यांनी माझ्या वहीत बघितलं. "खोडापासून सुरुवात करू नको. दगडापासून कर. दगड काढलास की झाडाला असंच उभं राहावं लागतं."

हे मला संध्याकाळपर्यंत कळलं नाही. कळलं ते मुळांकडे बघताना. झाड जिथे उगवलंय तिथे माती ओंजळभरही नाही. दगडाला एक आडवी भेग आहे, तिच्यात कधीतरी बी पडलं असणार. मुळं भेगेत शिरली, आणि जी मावली नाहीत ती दगडावरून खाली उतरली, चुलीवरून उतू गेलेल्या दुधासारखी, दगडाचा प्रत्येक उंचवटा धरून. खोड दरीकडे झुकलेलं आहे. दरीच्या बाजूला मुळं जवळजवळ नाहीतच. उलट बाजूला, कड्याकडे, मांडीएवढं एकच मूळ वरच्या भेगेत गेलंय आणि ते दोरासारखं ताणलेलं आहे. रुंद पानांची झाडं कलली की वरच्या अंगाला खास ताण धरणारं लाकूड घडवतात आणि त्यानं स्वतःला ओढून धरतात. हे पुस्तकात वाचलेलं होतं. इथे त्या मुळावर हात ठेवला, तर वाऱ्याचा झोत आला की हाताखाली ते किंचित घट्ट होताना जाणवत होतं. किमान मला तरी जाणवलं.

रात्री वर, मुक्कामाच्या खोलीत, सरांनी पिशवीतून एक छापील प्रत काढली. विल्यम रॉक्सबर्ग नावाचा स्कॉटिश डॉक्टर अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत आंध्रच्या किनाऱ्याकडे होता. तिथल्या वनस्पतींची चित्रं त्यानं भारतीय चित्रकारांकडून काढून घेतली. निवडक तीनशे चित्रांचा 'प्लँट्स ऑफ द कोस्ट ऑफ कोरोमंडेल' हा ग्रंथ लंडनहून 1795 ते 1820 या काळात तीन खंडांत निघाला. पहिल्या खंडात कांडोळ आहे. शास्त्रीय जगाला या झाडाची ओळख त्या पानावर झाली, आणि नावामागे आजही रॉक्सबर्गचंच नाव लागतं. ज्याच्या कुंचल्यानं चित्र झालं त्याचं नाव पानावर नाही. आपल्या पुण्याजवळच्या दापोडीच्या बागेचीही हीच गोष्ट. अलेक्झांडर गिब्सननं 1840च्या दशकाच्या अखेरीस तिथे दीडशेहून अधिक वनस्पतिचित्रं काढून घेतली, ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात जपलेली आहेत. ती काढणाऱ्याबद्दल तो पोर्तुगीज-भारतीय चित्रकार होता यापलीकडे नोंद नाही.

मला वाटलं सर याच अन्यायाबद्दल बोलतील. ते दुसरंच बोलले. "हे चित्र बघ. कोऱ्या कागदावर डहाळी. मागे डोंगर नाही, वारा नाही. त्याला तसं काढणं भागच होतं. त्यानं एका झाडावरचे ओरखडे काढले असते तर दुसऱ्या कांडोळाला ते लागू पडले नसते. त्याचं काम जात दाखवायचं होतं." त्यांनी प्रत घडी करून ठेवली. "मीही तेहतीस वर्षं तेच शिकवलं. डहाळी काढा. पान काढा. पोरांनी मान मोडून काढलं. आता मला एकच झाड काढायचंय. हे. याच्याखेरीज दुसऱ्या कुठल्याच झाडाला लागू पडणार नाही असं."

चीनमध्ये वेन झेंगमिंग या चित्रकारानं 1532 साली, वयाच्या बासष्टाव्या वर्षी, चांगशूच्या मंदिरातल्या सात जुनाट जुनिपरांचं लांबलचक गुंडाळीचित्र शाईनं काढलं. ते सध्या होनोलुलूच्या संग्रहालयात आहे. झाडं तेव्हाच हजार वर्षांची मानली जात. त्या चित्राचा ठसा सरांच्या घरी कपाटाच्या दारावर आतून चिकटवलेला आहे. कपडे काढताना रोज दिसतो. त्याविषयी ते काही बोलत नाहीत, म्हणून मीही फार लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सात वाजता सर बसले. बसायला गोणपाट, मांडीवर प्लायवूडची फळी, फळीवर चार क्लिपांनी घट्ट केलेला पुण्याच्या हातकागद संस्थेचा जाड कागद. कागद कोरा पांढरा नाही, दुधात थेंबभर चहा पडावा तसा. एक फडकं, एक मळायचं खोडरबर, आणि तुराट्यांचा डबा.

आठवीतला प्रश्न मला पुन्हा आठवला. पांढरं झाड पांढऱ्या कागदावर कसं काढायचं? तेव्हा आम्ही सगळ्यांनी झाडाची बाह्यरेषा काढली होती आणि सगळ्यांचं झाड तारेचं झालं होतं. सरांनी आता बाह्यरेषा काढलीच नाही. त्यांनी कोळसा आडवा धरला आणि कड्याची काळी बाजू घासायला सुरुवात केली. दगडाच्या थरांच्या दिशेनं, आडवं. बसाल्टचे थर आडवे असतात, लाव्हा एकावर एक पसरत गेला तसे. घासण्याची दिशा चुकली की तो दगड या डोंगराचा वाटत नाही. अर्धा तास ते नुसता दगड करत होते. काळं करत करत हात एका जागी येऊन थांबला, वळला, पुन्हा पुढे सरकला. तसं चार-पाचदा झालं आणि मधे कोरा राहिलेला कागद एकदम खोड झाला. त्यांनी खोडाला हातही लावला नव्हता.

मग आकाश. कागदावर आकाश खोडापेक्षा गडद पाहिजे, नाहीतर खोड उजळत नाही. डोळ्यांना मात्र आकाश उजेडाचं वाटत असतं. "डोळा आकाशाला उजेड म्हणून ओळखतो, तुलना करत नाही," सर म्हणाले. त्यांनी मला एक डोळा मिटून, पापण्या अर्धवट लावून बघायला सांगितलं. खरंच, कड्यावरचं निळं आकाश खोडापुढे राखाडी होतं. चाळीस वर्षांत मी हे कधी बघितलं नव्हतं. फडक्याचं टोक बोटाला गुंडाळून त्यांनी कोळशाची भुकटी आकाशात पुसत नेली. वाऱ्यानं निम्मी उडवली. हाताची कड, कोपर, हनुवटी काळी झाली.

खोडावरच्या सावल्या त्यांनी सकाळी काढल्या नाहीत. त्यांची वेळ ठरलेली आहे. दुपारी चारला ऊन कड्याच्या कोपऱ्यावरून तिरपं येतं आणि सालीवरचा प्रत्येक उंचवटा उठून दिसतो. पंचवीस मिनिटांनी कड्याची सावली खोडावर चढते आणि सगळं सपाट होतं. त्या पंचवीस मिनिटांतच खोडाचं काम. बाकीचा दिवस दगड, मुळं, आकाश. एका चित्राला सहा-सात दिवस लागतात आणि त्यातलं खोड सगळं मिळून अडीच-तीन तासांत काढलेलं असतं. मी मोबाइलवर फोटो काढून ठेवू का विचारलं. काढ म्हणाले. पण फोटोवरून ते काम करत नाहीत. फोटोत दरीकडची फांदी आणि कड्याकडचं मूळ एकाच अंतरावर येतात, आणि मग कोण कुणाला ओढून धरतंय ते हाताला कळत नाही, असं त्यांचं म्हणणं. हाताला कळणं हा शब्द त्यांचा.

दुपारच्या वेळेत, भाकरी-ठेचा झाल्यावर, झाडाच्या वयाचा विषय निघाला. दादा म्हणाले, "माह्या आज्यानं पाह्यलं तवाबी एवढंच होतं." यापेक्षा पक्की नोंद नाही. सागाची वलयं स्पष्ट असतात; पुण्याची उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्था तर त्यांवरून जुन्या काळातल्या पावसाचा माग काढते. कांडोळाचं लाकूड मऊ, हलकं. ते असा हिशेब सहज देत नाही. आणि दिला तरी तो घ्यायला झाड चिरावं लागेल. अमेरिकेत नेवाडातल्या एका डोंगरावर 1964 साली डोनाल्ड करी नावाच्या संशोधक विद्यार्थ्यानं जुन्या हवामानाच्या अभ्यासासाठी एक ब्रिसलकोन पाइन वनखात्याच्या परवानगीनं तोडून घेतला. वलयं मोजली तर ती 4,800हून अधिक भरली. तोवर माहीत असलेल्या कुठल्याही झाडाहून ते झाड जुनं होतं, आणि हे कळलं ते पाडून झाल्यावर. मी ही हकीकत दादांना सांगितली. त्यांनी दोनदा विचारलं, "मंग मोजून काय केलं?" मला उत्तर देता आलं नाही.

दादांच्या गावाबाहेर झाडाखाली सागवानी फळ्या उभ्या आहेत. गेलेल्या माणसाच्या नावानं कोरकू लोक त्या कोरतात. त्यांना मुंडा म्हणतात. वर सूर्य-चंद्र, खाली घोडेस्वार. दादांच्या आजोबांचा मुंडा त्यात आहे. ऊन-पावसानं घोड्याचे पाय झिजले आहेत. दादा सरांच्या पाठीशी उकिडवे बसून चित्र बघत होते ते याच नजरेनं, कोरीव काम बघणाऱ्याच्या. एकदाच बोट पुढे करून म्हणाले, "इथं अस्वलाचं राह्यलं, गुरुजी."

खोडाच्या डाव्या अंगाला, माझ्या डोक्याच्या वर, पाच समांतर रेघा होत्या. अस्वल मधासाठी चढलं असणार. वर कड्याला आग्या मोहोळ असतं आणि या झाडाच्या दुबेळक्यातही जुन्या पोळ्याचा डाग आहे. नखं लागली तेव्हा त्या बारीक चिरा असतील. झाड जाड होत गेलं तशा त्या रुंदावल्या आणि त्यांच्या काठांनी लाकूड फुगून ओठांसारखं वर आलं. सरांनी त्या काढल्या. चार वाजून दहा मिनिटं झाली होती. कोळशाच्या टोकानं पाच खाचा, मग प्रत्येकीच्या वरच्या काठाला खोडरबरानं उजेडाची केसाएवढी कड.

तिसऱ्या दिवशी मी त्यांना 'म'बद्दल सांगितलं.

तो मला पहिल्याच दिवशी सापडला होता. तेरा वर्षांच्या मुलीच्या छातीइतक्या उंचीवर कोरलेला, अजून तिथेच आहे, म्हणजे आता माझ्या कमरेच्या जरा वर. झाड उंच होतं ते शेंड्याकडून. खोडावरची खूण वर सरकत नाही. रुंदीत मात्र वाढ होते. करकटकाच्या टोकाएवढी रेघ आता बोटाएवढी झालेली आहे, शिरोरेषा दोन्हीकडे ताणली गेली आहे आणि 'म'चं पोट उघडून ते दुसरंच काहीतरी अक्षर दिसतं. त्याच्या आसपास आणखी नावं आहेत, एक बाण खुपसलेलं काळीज आहे, एक 1993 आहे. मी कोरल्यावर इतरांना ती जागा मोकळी वाटली असणार.

झाडाची जखम भरून येते असं आपण म्हणतो. अ‍ॅलेक्स शायगो हा अमेरिकन वनखात्यातला शास्त्रज्ञ हजारो झाडं उभी चिरून बघत होता. 1970च्या दशकात त्यानं मांडलं की माणसाच्या कातडीसारखं झाडाचं काही बरं होत नाही. दुखावलेलं लाकूड पुन्हा निरोगी होत नाही. झाड त्याच्याभोवती भिंती उभ्या करतं, कूज पसरू नये म्हणून ते कोंडून टाकतं, आणि बाहेरून नवं लाकूड वाढवत पुढे जातं. आतली जखम ज्या दिवशी झाली तशीच्या तशी आत राहते. 1986चा तो 'म' आज बाहेर दिसतो तसा पसरट नाही. आत, चाळीस वर्षांच्या लाकडाखाली, करकटकाच्या टोकाएवढाच आहे. हे वाचल्यापासून मला त्या झाडाकडे जायचं होतं आणि जायचं नव्हतं.

सरांनी ऐकून घेतलं. रागावतील असं वाटलं होतं. मी पन्नाशी ओलांडली तरी त्यांच्या रागाची भीती आहे. ते उठले, गुडघ्यावर हात टेकत खोडापाशी गेले. "कोणतं?"

मी दाखवलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ जवळून बघत राहिले. अंगठा त्या खाचेतून फिरवला, शिरोरेषेपासून खाली, पोटातून, पुन्हा वर. पुसटसं पांढरं बोटाला लागलं.

"मी याच्याआधीच्या चित्रांत ही सगळी नावं गाळत होतो," ते म्हणाले. "वाटायचं, ही झाडाची नव्हेत."

निघण्याच्या आदल्या रात्री मी ती अकरा चित्रं बघितली होती. पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, मधे बटरपेपर घालून ठेवलेली. एकाशेजारी एक मांडली की झाड हलताना दिसतं. चौथ्यात दरीकडे एक फांदी आहे, पाचव्यात तिचा तुटका बुंधा आहे. सातव्यापासून वरच्या भेगेतलं मूळ जाड झालंय. नवव्या वर्षी वणवा येऊन गेला होता, बुडाशी काळं चढलंय, दहाव्यात त्यातलं निम्मं सालीसकट गळून गेलंय. कुऱ्हाडीचे सातही घाव प्रत्येक चित्रात आहेत. नावांच्या जागी मात्र सगळीकडे गुळगुळीत पांढरं. मला तेव्हा ते लक्षातही आलं नव्हतं.

चार वाजून पाच मिनिटं झाली. ऊन कड्याच्या कोपऱ्यावर आलं. सर जागेवर परतले, फळी मांडीवर घेतली, डब्यातून नवी काडी काढली आणि दगडावर घासून तिला टोक केलं. मी त्यांच्या मागे उभी होते. त्यांनी आधी बाणाचं काळीज केलं, मग 1993, मग खालचं एक आडनाव. मग माझं अक्षर आलं. त्याला त्यांनी अस्वलाच्या नखांइतकाच वेळ दिला. खाच गडद, वरच्या काठाला उजेडाची कड. चित्रात ते वाचता येत नाही. खोडावरही आता येत नाहीच.

"पोरी, बाजूला हो जरा," ते म्हणाले. माझी सावली कागदावर पडत होती.

साडेचारला खोड सपाट झालं. अजून तीन दिवसांचं काम होतं, मला मात्र परतायचं होतं. खाली कोरकू गावांतून होळीची तयारी सुरू झाली होती आणि फगवा मागणारी मुलं रस्त्यावर दोर धरून उभी राहू लागली की गाड्या रखडतात. सरांनी कागदावर प्लास्टिक चढवलं. दादांनी गोणपाट झटकलं, आणि चित्राकडे आणखी एकदा बघून विचारलं,

"याले पानं काहून नाही काढले, गुरुजी?"

"आता पानं नाहीत नं."

"मंग मिरगात या. मिरगात लय पानं राह्यतात याले. ही नावं-बिवं काई दिसत नाही."

सर हसले नाहीत. त्यांनी डबा उघडला आणि काड्या मोजल्या, एकेक उचलून, परत ठेवत.

"एकोणीस आहेत," ते म्हणाले. "जपून वापरल्या तर मिरगापर्यंत पुरतील."